फेर्मिनचा दुसरा चेहरा

सांता रेमेदियोस या खाणगावातल्या जुन्या गोदामात त्या शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चांदीच्या खाणीतला बोगदा कोसळला तेव्हा ज्यांची माणसं आतच राहिली, प्रेतंसुद्धा हाती लागली नाहीत, ती सगळी घरं फोटो छातीशी धरून बसली होती. समोर कासिमिरो, मोबदला घेऊन मेलेल्यांचे आत्मे दाखवणारा. काळ्या कापडातून त्याने मुठीएवढा, पाण्यासारखा स्वच्छ दगड काढला आणि म्हाताऱ्या एउलोखियाच्या मुलाच्या, फेर्मिनच्या, फोटोवर ठेवला.

"बघा आई. हा देह, हा आत्मा."

दगडाखाली शेजारी शेजारी दोन फेर्मिन दिसत होते. कासिमिरोने दगड हळूहळू फिरवला. एक जागेवर राहिला, दुसरा त्याच्याभोवती फिरू लागला.

"दार शोधतोय बिचारा. रक्ताच्या माणसाने बोगद्यात उतरून हाक मारल्याशिवाय सुटका नाही."

"मी उतरते," एउलोखिया म्हणाली. "उद्याच."

तिची भाची आंपारो मागे उभी होती. गावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. पण फेर्मिन तिचा मावसभाऊ, दोघं एकाच घरात वाढलेली. त्याला असा चाचपडत फिरताना पाहून तिच्या अंगावर काटा आला. क्षणभर तिलाही वाटलं, आपणच उतरावं.

मग तिचं लक्ष दगडाच्या कडांकडे गेलं. एकही कोपरा काटकोनी नव्हता. चौकोनी खोका एका अंगाने दाबावा तशा सगळ्या बाजू तिरक्या. खाणीच्या ढिगाऱ्यावरून पोरांनी आणलेले असेच तिरके, पण दुधी दगड शाळेच्या कपाटात पडून होते.

"जिवंत माणसाच्या फोटोवर ठेवला तर?" तिने विचारलं.

कासिमिरोने पांढऱ्या कापडातून तसाच दुसरा दगड काढून स्वतःचा फोटो छापलेल्या जाहिरातीवर ठेवला. एकच कासिमिरो. "जिवंताचा आत्मा देहातच असतो, बाई."

"हा नाही. काळ्या कापडातला."

"तो जिवंतावर ठेवला तर माणूस वर्ष काढत नाही."

आंपारोने पर्समधलं ओळखपत्र टेबलावर टाकलं आणि तोच दगड उचलून त्यावर ठेवला. खालून दोन आंपारो तिच्याकडे बघत होत्या. कुणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली.

"हिची घटका भरली," कासिमिरो पुटपुटला.

"मग तुमचीही भरू द्या." तिने दगड जाहिरातीवर सरकवला. दोन कासिमिरो, चार मिशा.

मागून म्हातारा खाणकामगार मेलितोन म्हणाला, "आत्मा दाखवायचा मोबदला म्हणून यातल्या कुणी नेली हो माझी शेळी?"

आंपारोने मेलितोनचा चाकू मागून घेतला. काळ्या कापडातल्या दगडावर चाकूचा ओरखडा उठला, दुसऱ्यावर उठला नाही. मग गोदामातल्याच हातोडीने तिने दोन्ही फोडले. पांढऱ्या कापडातल्याचे बाटलीसारखे वेडेवाकडे, धारदार कपचे उडाले. काळ्या कापडातल्याचे लहानमोठे तुकडे झाले, पण प्रत्येक तुकडा तसाच तिरका, गुळगुळीत बाजूंचा.

"ही तासलेली काच," ती म्हणाली. "आणि हा कॅल्साइट, आपल्याच खाणीतला, फक्त इतका स्वच्छ क्वचित सापडतो. याच्या कणांची मांडणीच अशी की फुटला तरी तिरकाच फुटतो. त्याच मांडणीमुळे आत शिरलेला उजेड दोन वाटांनी जातो, म्हणून खालचं सगळं दोनदा दिसतं. मक्याच्या तोर्तियावर ठेवा, दोन भाकऱ्या दिसतील. पोट एकीनेच भरेल."

तुकडे हातोहात फिरले. त्या गडबडीत कासिमिरो मागच्या दाराने निघून गेला.

एउलोखियाने एक तुकडा मुलाच्या फोटोवर ठेवला, मग स्वतःच्या तळहातावर. सुरकुत्या दुप्पट झाल्या.

"आणि मला हाक ऐकू येते ती?"

"मलाही येते, मावशी. बोगद्यातून वारा घुमतो. आपल्याला ती हाक त्याची असायला हवी असते." आंपारो तिच्याशेजारी बसली. "दिसलं ते खरंच वाटतं. म्हणून जीव द्यायला निघण्याआधी एवढंच विचारायचं, हाच दगड दुसऱ्या कशावर ठेवला तर काय दिसेल?"

म्हातारीने तुकडा बाजूला केला. उघड्या फोटोतल्या एकाच चेहऱ्यावरून तिने बोट फिरवलं.

"एकच होता गं माझा," ती म्हणाली. "आणि तो गेला."