नकाशावर नसलेली नदी

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. देशातल्या सगळ्या रेल्वेमार्गांचा. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. जन्मभर भिंतीला टांगलेल्याने गोष्ट सांगावी की नाही, याची मलाच शंका आहे. पण राग पोटात ठेवून कुजण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

मला एका आरेखकाने काढलं. त्याचा हात सुरेख होता. मुख्य मार्ग जाड रेघेने, फाटे बारीक रेघेने, स्थानकं ठिपक्यांनी. नद्या मात्र त्याने रूळ जिथे त्यांना ओलांडतात तेवढ्याच दाखवल्या, पुलापुरत्या, बोटभर निळ्या. रेल्वेच्या नकाशांची रीतच तशी होती. जिथे रेल्वेचा पूल नाही, तिथल्या नदीशी रेल्वेला काय देणंघेणं? तिथे कोरा कागद.

मग मी सरकारच्या रेल्वे नियोजन कार्यालयात आलो. कोणती गाडी चालवायची आणि कोणती बंद करायची, हे माझ्यासमोर ठरायचं. सुरुवातीची वर्षं मानाची गेली. पाहुणा आला की आधी मला दाखवत. नवा मार्ग मंजूर झाला की माझ्यावर लाल रेघ उमटे आणि सगळ्यांसाठी चहा येई. पुढे रेघा थांबल्या आणि फुल्या सुरू झाल्या.

फुल्या मारणाऱ्या उपसंचालकांना कारकून माघारी ‘फूटपट्टीसाहेब’ म्हणत. शेजारचं स्थानक चालत जाण्याइतकं जवळ असेल, तरच एखादं स्थानक बंद करता येतं, असा नियम होता. साहेब खुर्चीतून उठत, माझ्यावर पट्टी ठेवत आणि फुली मारून पुन्हा बसत. त्यांचं चालणं तेवढंच. पट्टीच्या कडेने माझं अंग सोलवटून निघालं.

एकदा ती पट्टी एका फाट्यावरच्या लहान स्थानकावर पडली. पलीकडच्या मार्गावरचं स्थानक तिथून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होतं. फुली ठरली. नियामक मंडळाने हरकती ऐकायला माझ्याच खोलीत सुनावणी ठेवली. हरकत एकीचीच होती. त्या गावात कपडे शिवणारी एक बाई. सोबत तिचे वडील. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला ते त्याच गाडीने शहरातल्या इस्पितळात जात. स्थानक बंद, तर गाडी बंद, आणि गाडी बंद, तर उपचार बंद.

साहेबांनी पट्टी ठेवून अंतर दाखवलं. मधे नदी आहे, पूल पार खालच्या गावाला आहे, असं ती सांगू लागली.

“नकाशात नदी नाही, बाई.”

“नकाशात नाही म्हणून आटली का ती?”

कारकून खाली मान घालून हसले. साहेबांचे कान तापले. साऱ्या देशाला पुरणारा नकाशा तुमच्याच गावाला कसा पुरत नाही, सगळ्यांना आपल्या दारात गाडी हवी असते, असं ते बोलत सुटले. तिनेही सोडलं नाही. साहेबांनी माझ्या बाबांना पाठुंगळीला घेऊन त्या स्थानकापर्यंत जाऊन दाखवावं, हरकत आत्ता मागे घेते, म्हणाली.

वडिलांनी तिचा हात ओढला. “बस कर गं. भिंतीशी कशाला भांडतेस?”

भिंतीवर तर मीच होतो.

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, माझ्याजवळ आली आणि दोन ठिपक्यांच्या मधून नदी काढली. दातओठ खात, इतकी दाबून की टोक मोडलं.

“सरकारी मालमत्ता आहे ती,” साहेब गरजले.

“नदीही सरकारचीच आहे.”

मंडळाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि कार्यालयाने प्रमाणित केलेल्या नकाशाबाहेरचा पुरावा आम्हाला घेता येत नाही, असं हळू आवाजात सांगितलं. तसल्या सभ्यपणाचा मला आजही संताप येतो.

स्थानक बंद झालं. बाईने दुकान मोडलं आणि इस्पितळाजवळ एक खोली घेतली, हे शिपायाच्या बोलण्यातून कळलं. म्हातारा घर सोडायला तयार नव्हता. त्याला उचलून न्यावं लागलं म्हणे.

त्यानंतर साहेब त्या भागात पाहणीला गेले. परतले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली पँट घेऊन. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ते थेट माझ्यासमोर आले. मी भोळा. मला वाटलं, हा माणूस आता फुली खोडणार. त्यांनी खोडरबर घेतलं आणि नदी खोडली.

लवकरच माझ्या जागी छापील नकाशा आला. गुळगुळीत, चकचकीत आणि त्या जागी कोराच. मी अडगळीत पडलो. मला कसर लागली आहे.

मित्रांनो, मला झटका, ऊन दाखवा, असं म्हणायला मला संकोच वाटतो. पण टाकून देण्याआधी त्या दोन ठिपक्यांमधून एकदा बोट फिरवा. रेघ गेली, तरी दाबल्याची खाच हाताला लागेल. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या खुर्चीत बसेल आणि कोणीतरी येऊन सांगेल की मधे नदी आहे. तेव्हा पट्टी खाली ठेवा आणि स्वतः जाऊन पाहा. आणि परत आल्यावर खोडरबराला हात लावू नका.