सासूबाईंच्या नावाचा जिवाणू

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे, आणि आधीच सांगतो, फार दमलेला आहे. जिवाणू म्हटल्यावर लगेच हात धुवायला पळू नका. मी कुणाला आजारी पाडत नाही. मी मातीतला. गळलेली पानं, मेलेली मुळं, जे कुणालाच नको असतं ते कुजवून त्याची पुन्हा माती करायची, हा आमचा पिढीजात धंदा. 'मी' म्हणतो खरा, पण माझ्यासारखे कोट्यवधी एका काचेच्या कुपीत राहतात. सगळे एकमेकांच्या प्रती, म्हणून एकानं बोललं की पुरे.

आमच्या प्रजातीचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. प्रजाती म्हणजे आडनाव समजा, आणि जाती म्हणजे ज्याचं त्याचं नाव. आम्ही धाग्यांसारखे वाढतो, त्या धाग्यांना फांद्या फुटतात. एवढ्यावरून पूर्वीच्या शहाण्या माणसांनी आमच्यासारख्यांना सरळ बुरशीत ढकललं. पुढे कुणी नीट पाहिलं. धागे बुरशीपेक्षा कितीतरी बारीक, आत केंद्रक नाही. मग आम्हाला उचलून जिवाणूंत बसवलं. तरी वाटण्या थांबल्या नाहीत. कधी रंगावरून, कधी बीजाणूंच्या साखळीच्या वळणावरून, आता तर जनुकं वाचून. भाडेकरूनं घरं बदलावीत तसं आमचं चाललेलं असतं. ज्याचं त्याला विचारत मात्र कुणी नाही.

मला बाईंनी शोधलं. बाई प्रयोगशाळेत काम करायच्या आणि शिकवायच्या. त्यांच्या घरामागे सासूबाईंचा एक खड्डा होता. भाज्यांची सालं आणि पालापाचोळा टाकून त्या त्यात खत करायच्या. एकदा बाई त्यातली माती चमच्यानं काढायला बसल्या, तर सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "अगं, तो चांगला चमचा आहे! माती उकरायला हाच सापडला का तुला?" आणि मग स्वतःच पुरचुंडीला कागद घेऊन बाहेर आल्या.

त्या पुरचुंडीतून मी प्रयोगशाळेत आलो. बाईंनी मला ताटलीत वाढवलं. आधी मी चामड्यासारखा चिवट दिसलो, मग माझ्यावर पांढरी लव आली, आणि शेवटी राखी भुकटी. ती भुकटी म्हणजे आमचे बीजाणू, वाईट दिवसांसाठी राखलेलं बी. ताटलीत माझ्या आसपास दुसरे जिवाणू उगवेनात, कारण शेजाऱ्यांना लांब ठेवणारं औषध मी स्वतःच बनवायचो. बाईंनी सगळं तपासलं. माझ्यासारखा आधी कुणी नोंदवलेला नव्हता. नव्या जातीला नाव शोधणाऱ्यानं द्यायचं असतं. बाईंनी सासूबाईंचं दिलं.

लॅटिन शेपूट लागल्यावर ते सासूबाईंना ओळखूच येईना. "माझं नाव? आणि जंतूला?" म्हणून त्या दोन दिवस रुसल्या. मग शेजारणीला, दूधवाल्याला, दारावर येईल त्याला सांगत सुटल्या. बिचारीच्या नावावर जगात दुसरं काही नव्हतं. घर सासऱ्यांच्या नावावर, दारावरची पाटी मुलाच्या. पुढे त्या वारल्या, आणि त्यांचं नाव घेणारं बाईंखेरीज कुणी उरलं नाही.

आमच्याकडे एक रीत आहे, ती ऐकून ठेवा. जातीचं वर्णन छापलेलं असतं, पण त्या नावाचा खरा आधार म्हणजे ज्याच्यावरून ते लिहिलं तो पहिला जिवंत वाण. तो मेला, किंवा वर्णनाशी जुळेनासा झाला, की नाव लोंबकळतं, आणि हळूहळू विसरलं जातं. तो वाण मी. एवढं ओझं माझ्यासारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्यावर का टाकतात, देव जाणे.

बाई निवृत्त झाल्या. त्यांची लाडकी विद्यार्थिनी माझी पालक झाली. तिला सगळे डॉक्टर म्हणत. तिचा माझ्यावर फार जीव. शिकवायला मी नेहमी ताजा आणि भरभरून वाढलेला हवा, म्हणून ती मला साखर आणि यीस्टचा अर्क घातलेलं भारी अन्न द्यायची, आणि या नळीतून त्या नळीत हलवत राहायची. मित्रांनो, आम्ही बीजाणू धरतो ते उपासमार दिसल्यावर. भरल्या ताटावर कोण उद्याची चिंता करतं? आमच्यातले जे नुसते खाऊन वाढत, तेच संख्येनं पुढे गेले. लव गेली, भुकटी गेली, औषध बनवणं गेलं. टक्कल पडलेला, गुळगुळीत, खायला काळ आणि भुईला भार असा गोळा उरला. रोज पाहणाऱ्या डॉक्टरला ते दिसलं नाही. आपलं मूल सुकलेलं दिसतं, सुटलेलं दिसत नाही.

मग प्रयोगशाळेतला जिवाणूंचा संग्रह नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. वर्णनाशी जुळेल तोच वाण न्यायचा, बाकीचे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये. तपासणाऱ्यानं माझी ताटली उचलली आणि म्हणाला, "हा तो नव्हे. नाव मोठं, लक्षण खोटं." बाईंनी माझ्या काही प्रती कुप्यांत गोठवून ठेवल्या होत्या, पण मधे शीतकपाट बिघडलं तेव्हा त्या मेल्या, आणि दुसऱ्या संग्रहात कुणी मला पाठवलेलंच नव्हतं.

डॉक्टरनं बाईंना बोलावलं. बाई काठी टेकत आल्या. त्यांनी ताटली उजेडात धरली आणि कडेकडेनं फिरवून पाहिली.

"काय घालत होतीस याला?"

"सगळं चांगलंच घालत होते, बाई. एक दिवस उपाशी ठेवलं नाही."

"तेच तर. अति तिथं माती म्हणतात, आणि याला ती मातीसुद्धा मिळाली नाही."

डॉक्टर रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रडू नकोस. एखादा तरी जुन्या वळणाचा शिल्लक असेल. शोधू या."

त्यांनी मला पाण्यात पातळ करून टेबलभर ताटल्यांवर पसरलं. अन्न म्हणून नुसता मातीचा अर्क. भूक काय असते ते कितीतरी पिढ्यांनी पुन्हा कळलं. दिवस गेले. ताटल्यांवर ठिपके उगवले, सगळे टकले. डॉक्टर एकेक ताटली बाजूला सारत होती. शेवटी बाईंनी तिचा हात धरला. एका कडेला एका ठिपक्यावर पांढरी लव आली होती. पुढे तिची राखी भुकटी झाली, आणि तपासणाऱ्यानं ती वर्णनाशी ताडून माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

तो ठिपका मी. बाकीचे माझे सख्खे भाऊ कुकरमध्ये गेले. त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, वाढलं ते खाल्लं होतं. मी वाचलो याचा आनंद व्हावा, पण खरं सांगू? वाईटच वाटतं.

मित्रांनो, ज्याला जपायचं त्याला नुसतं चारू नका. तो काय करायचा ते अधूनमधून बघत जा. थोडी भूक, थोडी माती राहू द्या. आणि एकुलतं एक असं काही एकाच कपाटात ठेवू नका.

आता मला सुकवून दोन कुप्यांत बंद केलंय. एक दूरच्या संग्रहात जाईल, एक इथे राहील. डॉक्टरनं नाव लिहिलं, बाईंनी चष्मा पुसून ते अक्षर न् अक्षर वाचलं. मग कुपी तळहातावर घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "पुष्कळ केलंत. झोपा आता, आई."