‘डिझेल संपला’ कोणाचं?

"हे गाणं माझं नाही, शिवाचं आहे." बाप्तिस्त फर्नांडिस आरशासमोर चौथ्यांदा तेच म्हणत होता.

मालवणच्या ‘खारो वारो’ या रॉक बँडला आज चाळीस वर्षं होत होती. त्यांच्या ‘डिझेल संपला’वर कोकणातल्या दोन पिढ्या नाचल्या. बँडचा ड्रमर शिवा एकदा इंजिन बंद पडून दिवसभर समुद्रात अडकला होता. रिकामा कॅन बडवत त्यानेच ते रचलं होतं. कॅसेटवर मात्र छापलं गेलं, ‘गीत-संगीत : बाप्तिस्त’. तेव्हा बँडचा बावीस वर्षांचा गायक बाप्तिस्त मनातून सुखावला आणि गप्प बसला. वर्षभरात शिवा बँड सोडून होडीवर परत गेला.

दहाव्या वर्धापनदिनी बाप्तिस्तने खरं सांगायला तोंड उघडलं, तर निवेदकाने माइकच काढून घेतला. पंचविसाव्याला पत्रकाराला सगळं सविस्तर सांगितलं. छापून आला तो फक्त त्याचा गॉगलमधला फोटो.

"आज तरी सांगून टाक," त्याची बायको ग्लोरिया म्हणाली. "शिवाक बोलयलंस मां?"

"बोलयलंय. येवचो नाय म्हणता."

सकाळी अकराचा सत्कार. सभागृह खच्चून भरलेलं. सहा भाषणं झाली, प्रत्येकात तेच गाणं, तेच कौतुक. बाप्तिस्तला बसवेना. शेवटी माइक हातात आला तेव्हा पाठ केलेलं वाक्य तो विसरला, पण सगळं बोलला. कॅन, कॅसेट, आपलं गप्प बसणं. "मी चाळीस वर्षं शिवाच्या गाण्यावर जगलो," तो म्हणाला.

मग आयोजक दीपेश पुढे झाला. "बघा मंडळी! एवढा मोठा कलाकार, पण श्रेय मित्राला देतो. याला म्हणतात विनम्रपणा!"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट.

"विनम्रपणा नाय रे, खरां सांगतंय मी!" बाप्तिस्त ओरडला. लोकांना ते आणखीच आवडलं. तेवढ्यात कोणीतरी गाण्याची रेकॉर्ड लावली आणि अख्खं सभागृह गाऊ लागलं.

शाल काखेत मारून तो तडक बंदरावर गेला. शिवा होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. बाप्तिस्तने शाल पुढे केली.

"ही तुझी."

"माका शाल कित्याक?" शिवाने वर पाहिलं नाही. "लोकांका सांगतलंस म्हणालंस, त्याचा काय झाला?"

"सांगलंय रे. सगळा सांगलंय."

"मगे?"

बाप्तिस्त त्याच्या शेजारी वाळूत बसला.

"टाळ्यो वाजवल्यानी."

शिवाने दातांनी दोरा तोडला आणि जाळ्याचं पुढचं भोक शोधू लागला.