घरची बोहनी

"फळं काय देता हिला?" रक्ताच्या तपासणीचा कागद बाजूला ठेवत डॉक्टर नंदिनीबाईंनी विचारलं.

कौसल्या या प्रश्नाची वाटच पाहत होती. ती खुर्चीत सावरून बसली. "देते ना मॅडम, रोज देते. ज्यूस. डब्बाबंद, भारीतला. खुला नाही देत."

"बरं. आणि तुम्ही काम काय करता?"

"फळाचा ठेला हाय जी, सक्करदऱ्याच्या चौकात."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी एकदा कौसल्येकडे पाहिलं, एकदा शेजारी बसलेल्या तिच्या मुलीकडे, प्रीतीकडे. प्रीती खालचा ओठ दाताखाली धरून फरशीकडे बघत होती.

"म्हणजे ताई, दिवसभर तुम्ही लोकांना ताजी फळं विकता, आणि संध्याकाळी दुकानात जाऊन स्वतःच्या मुलीसाठी डब्यातला रस विकत घेता?"

"ते ठेल्यावरचं असते जी," कौसल्या जरा अवघडून म्हणाली. "ते त सगळेच खातात."

आता याला काय म्हणावं! पण हसण्याआधी जरा ऐकून घ्या. कौसल्येच्या घरात फळं दोनच जातीची होती. एक विकायची, दुसरी डागी. चांगलं फळ गिऱ्हाइकाचं. दबलेलं, पाखरानं टोचलेलं, बुडाशी नरम पडलेलं फळ रात्री घरी यायचं. सुरीनं खराब भाग कापायचा आणि उरलेलं खायचं. प्रीती लहानाची मोठी झाली ती या उरलेल्यावरच. त्यामुळे फळ म्हणजे उरलंसुरलं, हे कौसल्येच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मागच्या पोलीस भरतीत आठशे मीटर धावताना दुसऱ्या फेरीत पोरीचे पाय गळाले, ती मैदानातच बसली, तेव्हा माउलीनं ठरवून टाकलं, आता हिला उरलंसुरलं नाही द्यायचं. दुकानातल्या डब्यावर संत्र्याचं चित्र होतं. एवढं चकचकीत, एकही डाग नसलेलं संत्रं तिच्या ठेल्यावर कधी आलं नव्हतं. झालं, स्वतःचा दुपारचा चहा-नाश्ता सोडून तिनं डबे आणायला सुरुवात केली.

"रक्त अजून कमीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लोहाची गोळी कशाबरोबर घेतेस गं?"

"चहासोबत," प्रीती म्हणाली.

"तिथेच घोडं अडलं. चहानं गोळी अंगाला लागत नाही. गोळीबरोबर पेरू खा, संत्रं खा, काही नाही तर लिंबू पिळून घे. पालेभाजी, डाळ, हरभरे रोज. आणि फळ चावून खायचं, प्यायचं नाही. जादू होणार नाही, पण दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल."

नव्या भरतीला तेवढाच वेळ होता. लेखी परीक्षेचं प्रीतीला भय नव्हतं, अभ्यासात ती वाघीण होती. अडत होतं ते मैदानी चाचणीपाशी. पुढची भरती कधी निघेल, याचा काही भरवसा नव्हता. आणि वडील गेल्यापासून ज्या ठेल्यावर घर चालत होतं, तो ढकलून आईचे गुडघे बोलायला लागले होते.

त्या संध्याकाळी प्रीतीनं घरात जमिनीवर दुकानच मांडलं. ज्यूसचा डबा, खजुराचं पाकीट, कोणीतरी दिलेला अननसाच्या फोडींचा टीन आणि ठेल्यावरचा एक पेरू. एका बाजूला कौसल्या बसली, दुसऱ्या बाजूला आजी. आजी म्हणजे पंचफुला, कौसल्येची सासू. डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरत हा धंदा उभा केला तो हिनं. आता ऐकू कमी यायचं, पण आपल्या कामाचं सगळं ऐकू यायचं.

प्रीतीनं डब्यामागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "पाणी. साखर. मंग कुठं रस, तोही नावाले. ह्या एका डब्याच्या पैशात कळमन्याच्या बाजारात दोन किलो पेरू येते, आई."

"अन् टीनमधला अननस?" कौसल्येनं विचारलं.

"साखरेच्या पाकात बुडवून ठेवला. गुलाबजामुनच समज."

"खजूर त चांगला असन?"

"खजूर चांगला. पण भाव पाह्य त्याचा. अन् फळ सुकवलं का गोळीले जे लागते ते उडून जाते, गोडवा तेवढा राहते. थोडा खाईन मी, पण त्यानं पेरूचं काम नाही होत."

"चौकातला ज्यूस सेंटरवाला त आपल्यासमोर ताजाच काढते," कौसल्येनं शेवटचा प्रयत्न केला.

"तो चार मोसंब्या पिळते, चोथा फेकते, वरून साखर अन् बर्फ टाकते. चार फळांचे पैसे घेतले, अन् खायले एकही नाही देल्लं."

पंचफुला खुदखुदली. "म्हणूनच म्हणते मी, संत्रंच खरं."

"नाही आजी, पेरू. ताकदीत संत्र्याच्या कितीतरी पुढं हाय. अन् स्वस्तही."

म्हातारीचं हसू मावळलं. "नागपुरात बसून हे बोलून राहिली? इथं बोलली ते बोलली, भायेर नको बोलू पोरी. लोक गावाबाहेर काढतीन."

कौसल्या मात्र हसली नाही. ती डबा हातात घेऊन त्यावरच्या चित्राकडे बघत होती. तिला मनापासून वाईट वाटलं होतं. "इतके दिवस मी तुले पाणी पाजून राहिली होती वं."

"साखरेचं पाणी, आई. नुसतं नाही," प्रीती म्हणाली, आणि मग कौसल्येलाही हसू फुटलं.

कळलं, पण वळायचं कसं? खरा पेच पुढेच होता. पहाटे धावून प्रीती यायची तेव्हा ठेला नुकता लागलेला असायचा, आणि तिथून ती थेट वाचनालयात जायची. म्हणजे तिला फळ द्यायचं तर बोहनीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या, आधी द्यावं लागणार. आणि पंचफुलेचा नियम दगडावरची रेघ होता. पहिलं फळ गिऱ्हाइकाचं. बोहनी होईपर्यंत घरच्यानं फळाला हात लावायचा नाही, मग तो कोणीही असो. तीस वर्षं कौसल्येनं तो नियम पाळला होता. अगदी प्रीतीच्या वेळी दिवस असताना संत्र्याच्या वासानं जीव कासावीस व्हायचा, तेव्हाही पाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेरूच्या ढिगात हात घातला, सगळ्यांत मोठा, बिनडागाचा पेरू काढला, पदराला पुसला आणि प्रीतीच्या हातात ठेवला.

"बोहनी नाही झाली अजून," स्टुलावरून पंचफुला म्हणाली.

"माहीत हाय आत्या," कौसल्या सासूला म्हणाली.

"धंदा बसते अशानं."

"बसू द्या. पोरगी मैदानात नाही बसली पायजे."

म्हातारीनं तोंड फिरवलं. आणि नशीब बघा, नेमकी त्या दिवशी विक्री रडतखडत झाली. संध्याकाळी म्हातारीनं ढिगाकडे बघून नाक मुरडलं. ते कौसल्येला लागलं. रात्री तिनं न विकलेले पेरू पुन्हा पुन्हा मोजले. तरी सकाळी तिनं पुन्हा ढिगात हात घातला, पुन्हा सगळ्यांत चांगला पेरू काढला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही काढला. हळूहळू धंदा आपल्या जागी आला, पण सासू-सुनेत कामापुरतंच बोलणं उरलं.

थंडी सरली. पेरू संपत आले आणि मृगबहाराची, उन्हाळ्याच्या तोंडावरची संत्री आली, तशी पेरूच्या जागी संत्री सुरू झाली. निवडून घेतलेलं पहिलं फळ प्रीतीचं, हा ठेल्याचा नवा नियमच झाला. दुसऱ्यांदा रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "आता कोणता ज्यूस?" कौसल्या लाजून हसली. स्वतः ती रात्री डागीच खायची, सुरीनं कापून. त्यात काही वेगळं आहे, हे तिच्या मनातही आलं नाही.

मैदानी चाचणीच्या दिवशी आईबापांना आत सोडत नव्हते. फाटकाबाहेर कौसल्या पिशवी छातीशी धरून उभी होती. आत शिट्टी वाजली की ती टाचा उंचावून फाटकातून बघायची. एक पोरगी मैत्रिणीच्या खांद्यावर ओठंगून बाहेर आली, चेहरा पांढराफटक. कौसल्येनं तिला सावलीत बसवलं, संत्रं सोलून दिलं आणि दटावलं, "गोळी चहासंगं त घेत नाहीस ना वं?"

मग प्रीती आली. चालत आली. छातीवर नंबर, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

"दुसऱ्या फेरीत काय झालं?" कौसल्येनं विचारलं. दुसरं काही तिला सुचेचना.

"दुसऱ्या फेरीतच त पुढं काढलं आई. आमच्या गटात पहिली आली मी."

कौसल्येनं भर रस्त्यात तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. लोक बघत होते. बघू देत, तिला आज सगळ्या नागपूरनं बघितलं असतं तरी चाललं असतं.

दोघी ऑटोनं चौकात आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. ठेल्यावरचा ढीग सकाळी लावला तस्साच होता, एक फळ हललं नव्हतं. समोर रोजचे गिऱ्हाईक मनोहरराव, निवृत्त मास्तर, पिशवी घेऊन तणतणत उभे.

"काहो कौसल्याबाई, तुमच्या सासूबाई मले संत्री देऊनच नाही राहिल्या. किती वेळचा उभा हाय मी."

पंचफुलेनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "झालं का वं?" तिनं नातीला विचारलं.

"झालं आजी. पहिली आली."

म्हातारीनं मान हलवली. मग मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली. आत एक संत्रं होतं, ठेल्यावरचं सगळ्यांत देखणं, सकाळीच निवडून ठेवलेलं. प्रीतीनं हात पुढे केला.

"तुले नाही. तू रोज खाल्लं." म्हातारीनं संत्रं सुनेपुढे धरलं. "तू खाय."

"बोहनी व्हायची हाय आत्या," कौसल्या चाचरत म्हणाली.

"तीस वर्षांपासून पाहून राहिली मी. माह्या ठेल्यावरचं एक धड फळ नाही गेलं तुह्या तोंडात. मीच नाही जाऊ देल्लं." तिनं संत्रं सुनेच्या हातात ठेवलं. "खाय आता."

"अन् मले केव्हा?" मनोहररावांनी विचारलं.

"थांबा जी जरा. घरची बोहनी होऊन राहिली."

प्रीतीनं स्टूल पुढे सरकवलं. गिऱ्हाईक समोर असताना कौसल्या आयुष्यात पहिल्यांदा खाली बसली. तिनं संत्रं सोललं. सवयीनं तिचा अंगठा खराब भाग शोधत फोडींवरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा. कुठेच नव्हता. तिनं पहिली फोड तोंडात घातली. मनोहरराव पिशवी धरून उभे होते. तिनं मुळीच घाई केली नाही.