आमदारांच्या डोक्यावरून घागरीच्या तोंडावर

मी फेटा बोलतोय. खरं तर फेट्याचा उरलेला तुकडा. रंग विचारू नका. एके काळी मी गुलाबी होतो आणि थेट आमदारांच्या डोक्यावर बसत होतो.

बलभीमराव निवडून आले त्या दिवशी त्यांनी मला कळंबच्या बाजारातून आणलं. त्यांना टक्कल होतं, त्यामुळे माझ्यावर फार जीव. सोसायटीची सभा असो की कुणाचं बारसं, मी बरोबर असायचोच. आमदारकी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त चढली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. लोहाऱ्याकडच्या एका गावात विहिरी आटल्या आणि सगळं गाव एकाच बारवेचं गढूळ पाणी पिऊ लागलं. त्या पाण्यातून नारू व्हायचा. सुजलेल्या पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. असा पाय घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण जाणार?

बलभीमरावांनी बारवेवर भाषण ठोकलं, "पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या!"

पायाला चिंधी बांधून बसलेली गजराबाई म्हणाली, "सायेब, अंगावर एकच लुगडं हाय. ते फेडून गाळू व्हय? तुमच्या डोईवर मातर लई कापड हाय."

लोक हसले. मी घाबरलो. बलभीमराव तिच्या पायाकडे बघत राहिले, आणि त्यांनी मला उतरवलं. विळ्यानं माझे तुकडे झाले, घरोघर वाटले गेले; मी गजराबाईच्या घागरीवर आलो. मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

आमच्याकडे बाप्या माणूस बोडक्या डोक्यानं दिसला, की घरात कुणीतरी गेलं असंच धरतात. वाटेत जीप पंक्चर झाली आणि आमदार बोडके दिसल्याची बातमी एसटीनं पुढे गेली. आमदार घरी पोचले तर अंगणात बायांनी गळा काढलेला. मधोमध त्यांची आई तुळजाबाई ओरडत होती, "आगं, म्या हाय की जिती!" पुढच्या खेपेला जीपच्या ड्रायव्हरनं गावात हे सांगितलं तेव्हा माझा राग निम्मा उतरला.

पुढची निवडणूक ते हरले. पण कापड बांधलेल्या आमच्या घागरी बघायला परदेशी डॉक्टर आले, त्यांना गावोगाव हिंडवता हिंडवता बलभीमराव दिल्लीला गेले आणि तिथून थेट जिनिव्हाला, जागतिक आरोग्याच्या कचेरीत मोठे साहेब म्हणून.

परवा ते आले. डोक्यावर विलायती हॅट! गावात आता नारू नाही, तरी गजराबाई पाणी गाळतेच. तिच्या घागरीवर मला बघून त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "हा तुकडा मला द्या. कचेरीत काचेच्या कपाटात ठेवतो."

मी हुरळलो. विमान, कपाट, पुन्हा मान!

"तितल्या पाण्यात नारू हाय?" गजराबाईनं विचारलं.

"नाही."

"मंग तितं त्याचं काय काम?"

साहेबांनी हॅट काढली, खाली बसून ते माझ्यातून गाळलेलं तांब्याभर पाणी प्यायले आणि निघाले. मला वाईट वाटलं. मग गजराबाईनं घागर उचलली आणि मी कामाला लागलो.

बलभीमराव, एकच विनंती. मी आता फार विरलोय. पुन्हा याल तेव्हा हॅट नको, फेटा बांधून या.