दंडावरचे डाग

आमचे दाजी सोपानराव रागावले की आधी टोपी घालतात. त्या सकाळी ते टोपी घालूनच माझ्या दारात आले, तेव्हाच मी ओळखलं की आज कांदा भरायचा राहणार. टेम्पो काढ, खुटबावला जायचंय, एवढंच बोलले.

कारण आमच्या सगळ्या न्हावरे गावाला ठाऊक झालं होतं. गावातली गिताबाई खुटबावला एका बारशाला गेली होती. तिथं तिनं दाजींच्या लेकीच्या, तिथंच दिलेल्या आमच्या सुवर्णाच्या दंडावर काळेनिळे डाग पाहिले. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. जावई मारतो, हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठरूनही गेलं. आता दाजींना लेक कायमची परत आणायची होती. मी म्हणालो, आधी विचारू तरी. ते म्हणाले, विचारायला नाही, आणायला चाललोय. मी पोरीचा मामा, जाणं भागच होतं. शिवाय दोघांत एक तरी शहाणा असावा.

जावई हृतिक गोठ्यात वैरण टाकत होता. समोर आलेलं पाणीसुद्धा दाजींनी घेतलं नाही. सुवर्णा बाहेर आली, तर दंडावर खरंच डाग होते. एक जुना पिवळट, दोन ताजे. दाजींनी जावयाला सरळ विचारलं, "हात उचलला का तिच्यावर?"

हृतिकनं सुवर्णाकडं पाहिलं. तिनं नको म्हणून किंचित मान हलवली. मग तो खाली बघत म्हणाला, "न्यायचं आसंल तर न्या, आप्पा. म्या आडवत न्हाई."

पोरगा मला आवडायचा, पण त्या क्षणी मनातून साफ उतरला. सुवर्णा ऐका तरी म्हणत होती, तोवर दाजींनी तिचा दंड धरला आणि तिला टेम्पोपर्यंत आणलं. तिची सासू धुरपदाबाई गोळ्यांची पिशवी घेऊन मागून धावली. दाजी घेईनात, म्हणून मी घेतली. वेळेवर द्या म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मारकुट्या घरची सासू अशी गोळ्या घेऊन धावते का, असं मला वाटलं. पण वाटलं तेवढंच. टेम्पो मी चालू केलाच.

आम्ही पुढंच तिघं बसलो, सुवर्णा मधे. केडगाव गेलं, पारगाव गेलं. राग उतरला की दाजींना तहान लागते. नदी ओलांडल्यावर एक रसवंती दिसली, तिथं मी थांबलो.

बाकावर बसून सुवर्णानं ग्लास घ्यायला हात पुढं केला, तसा पदर सरकला. दाजींचा ग्लास ओठांपाशीच थांबला. तिच्या दंडावर नवे डाग उठले होते. चार एका बाजूला, ओळीनं. अंगठ्याचा एक दुसऱ्या बाजूला.

दाजींनी आपला उजवा हात उघडून पाहिला. मग पुन्हा तिचा दंड पाहिला.

"एवढं जोरात धरलं व्हतं का म्या?"

"न्हाई, आप्पा. तुम्ही लहानपणी बाजारात धरायचा, तसंच धरलं."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, कमी होतात. तिचं शरीरच त्यांना परकं समजून मारतं. त्यामुळं जरा दाब पडला की कातडीखाली रक्त साकळतं. तिनं पायावरचं लुगडं जरा वर केलं. पोटरीवर मोहरीएवढे लाल ठिपके होते, बोटानं दाबले तरी न जाणारे. दिवाळीला ते बघून मीच म्हणालो होतो, उसाचं पाचट लागलं असेल, खोबरेल लाव. शहाणा मामा. पुण्याच्या डॉक्टरांची औषधं चालू होती आणि गुण येत होता. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण इकडं तिच्या धाकट्या बहिणीच्या, प्रांजलच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. थोरलीला रक्ताचा आजार आहे, एवढं कानावर गेलं असतं की पाहुणे उठले असते. म्हणून सुवर्णानं सासरच्यांना शपथ घातली होती.

"लोक काय बोलत्यात, ते हृतिकला ठावं हाय?" मी विचारलं.

"हाय की. म्हनले, माझं नाव खराब झालं तर होऊ दे, प्रांजलचं लगीन होऊन जाऊ दे."

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. रस तसाच राहिला. मग म्हणाले, गाडी वळव.

खुटबावला हृतिक अजून दारातच उभा होता. दाजी खाली उतरले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चुकलो, जावईबापू. प्रांजलच्या पाव्हण्यांना म्या सोताच सांगतो. ऐकून करायचं त्यांनी करावं. तुमचं नाव खराब करून माझ्या लेकीचं लगीन नको."

गिताबाईला सांगायचं काम मी आपणहून मागून घेतलं.

सुवर्णा अजून वरच बसली होती. टेम्पोची पायरी उंच. दाजींनी सवयीनं हात पुढं केला आणि झटकन मागं घेतला, पाठीशी बांधूनच टाकला.

"धरा की, आप्पा," ती म्हणाली. "हळू धरलं की काय होत न्हाई."

दाजींनी हात पुढं केला, पण बोटं मिटली नाहीत. नुसता तळवा उघडा धरून उभे राहिले. तिनंच त्यावर आपला हात ठेवला आणि उतरली.