कठड्याची बाजू

वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या छतातून झिरपायला लागलं, तेव्हा काम काढण्यावाचून इलाज उरला नाही. जुनी फरशी उखडायची, पाइप बदलायचे, नवी फरशी बसवायची. आणि वर जायला वाट एकच, आमचा लाकडी जिना. मध्ये वळण, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा.

"जिन्याची काळजी सोडा, ताई," ठेकेदार म्हणाला. "शेवटी घासून पॉलिश मारून देतो. नव्यासारखा होईल."

"नव्यासारखा नको. आहे तसाच राहू दे."

त्यानं मान डोलावली. संध्याकाळी सगळ्या पायऱ्यांवर प्लॅस्टिक अंथरलं, कठडाही वरपासून खालपर्यंत गुंडाळून टाकला. मला वाटलं, चला, मनासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी खाली यायला निघाले. भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. काही वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. वरच्या खोलीत राहतात, फोनवरून मुलांना गणित शिकवतात आणि जिना एकट्यानं चढतात-उतरतात. कुणी हात धरायला गेलं की चिडतात. त्या सकाळी मी ओट्यापाशी होते. आधी प्लॅस्टिकची चुरचुर ऐकू आली, मग धप्प!

धावत गेले. वळणावर बसले होते, एक पाय खालच्या पायरीकडे लोंबकळत. लागलं फारसं नव्हतं, पण चेहरा पांढराफटक.

"जिना कुणी बदलला?" त्यांनी विचारलं.

यांनी त्यांना सावकाश खाली आणलं. "काम होईपर्यंत तू खालीच राहा. इथे बाहेरच्या खोलीत सोय करू."

"चालेल," भाऊजी म्हणाले.

चहात साखर कमी पडली तरी वाद घालणारा हा माणूस. त्या 'चालेल'नं माझ्या काळजात चर्र झालं. दिवसभर ते सोफ्याच्या कोपऱ्यात बसून राहिले, कुणीतरी ठेवून गेलेल्या सामानासारखे. मुलांचे फोन आले, तेही उचलले नाहीत. संध्याकाळी मजूर गेले आणि मी सगळं प्लॅस्टिक टराटरा ओढून काढलं.

"अगं, ठेकेदार काय म्हणेल?" हे म्हणाले.

"म्हणू दे."

सकाळी तो आला आणि कपाळाला हात लावला. "उघड्या जिन्यावरून राडारोडा न्यायचा? मग ओरखडे पडले तर मला बोलायचं नाही."

"बोलणार. म्हणून तर काम थांबवतेय. जिना नीट झाकेपर्यंत एक घमेलंसुद्धा खाली येणार नाही."

"उशीर होईल, ताई."

"होऊ दे."

हे काहीतरी बोलायला पुढे आले, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला आत निघून गेले.

मी भाऊजींना हाक मारली. "जिना सगळ्यांत जास्त तुम्ही ओळखता. तो कसा झाकायचा ते तुम्ही सांगा."

"मला काही नको, वहिनी. उगाच माझ्यापायी कामाचा खोळंबा..."

"मला जिनाही शाबूत हवाय आणि तुम्हीही. दोघांतलं एक निवडायला मी बसलेली नाही. बोला."

ते उठले. चाचपडत पहिल्या पायरीशी आले आणि तिच्यावर तळवा घासत उभे राहिले. "पायाला पायरीची कड कळली पाहिजे. पायाखाली काही हलता कामा नये. आणि हाताला लाकूड लागलं पाहिजे. प्लॅस्टिकवर हात सरकतो हो, भरवसाच वाटत नाही."

मी शिवणकाम करते. वर्तमानपत्रं पसरून प्रत्येक पायरीचा नमुना कापला. वळणावरच्या पायऱ्या तिरक्या, एकीसारखी दुसरी नाही. ठेकेदाराच्या सुतारानं त्या मापानं प्लायवूडचे तुकडे कापले. खाली रबराची पातळ चटई, म्हणजे तुकडा सरकायला नको आणि लाकूड घासायला नको. भाऊजी अनवाणी वर-खाली करत तपासत होते. "ही हलतेय." "ही बोटभर पुढे आलीय." सुतार आधी वैतागला, मग त्यालाच चेव आला. "आता बघा!" म्हणत तो पुन्हा रंधा मारायचा.

कठड्याच्या दांड्यांना जुन्या रजया बांधल्या, हात ठेवायचा वरचा भाग मात्र मोकळा. मग मी मजुरांना समोर उभं करून सांगितलं, "कठड्याची बाजू भाऊजींची. तुम्ही भिंतीकडून जायचं. आणि जड सामान जिन्यानं नाहीच, मागच्या गॅलरीतून दोरानं वर."

ठेकेदारानं हात जोडले. "ताई, तुम्ही आमच्या धंद्यात का नाही आलात?"

"तुमचं नशीब," मी म्हटलं.

काम मार्गी लागलं. भाऊजी पुन्हा वर राहायला गेले, शिकवण्या सुरू झाल्या. आणि एका दुपारी मी औषधं घेऊन परत आले, तर जिन्यापाशी मजूर बेसिनखालची भली मोठी दगडी लादी धरून घामाघूम झालेले, ठेकेदार लालबुंद. वर, जिन्याच्या वळणावर भाऊजी मांडी घालून बसलेले. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीला टेकवलेला.

"दोन मिनिटांचं काम आहे हो," ठेकेदार म्हणाला. "सांभाळून नेतो म्हणतोय, तर हे उठतच नाहीत!"

"वहिनी, तुम्हीच का?"

"मीच."

"मग यांना सांगा, मला दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. दगड कठड्याच्या बाजूनं चढवत होते. मी उठणार नाही."

हसू कसंबसं दाबत मी ठेकेदाराकडे वळले. "ऐकलंत ना? गॅलरीतून न्या."

बडबडत का होईना, त्यानं दोर मागवला. लादी अर्ध्यावर असताना ती गर्रकन फिरली, खालचा मजूर ओरडला आणि माझा जीव टांगणीला लागला. पण पोचली. भाऊजी तोवर जागचे हलले नव्हते. वर लादी टेकल्याचा आवाज झाला, तेव्हाच उठले.

काम संपल्यावर आम्ही प्लायवूड उचललं. भिंतीचा रंग ठिकठिकाणी खरवडला होता. तळच्या पायरीवर एक बारीक चरा होता, कसा पडला देव जाणे. बाकी जिना जसाच्या तसा.

भाऊजी वरून निघाले, प्रत्येक पायरीवर किंचित रेंगाळत खाली आले.

"वहिनी, स्वयंपाकघराचं काम कधी काढताय?"

"पुढच्या वर्षी बघू. का हो?"

"तेव्हा ठेकेदाराशी बोलायचं काम माझं."